मागे जाणारी एसटी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे एवढ्या बळावर कोणी आपल्या घरातलं चारचौघांत मांडावं का, हे मला अजून नीट कळत नाही. त्यातून विषय टीव्हीवरच्या मालिकेच्या एका भागाचा. वाचणारे हसतील असं वाटतं. पण गेले काही महिने तो भाग माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि ज्या दोघांना तो दाखवायचा होता त्या दोघांवर काही केल्या त्याचा परिणाम होत नव्हता. इतका वैताग मला अभ्यासानेही कधी दिला नाही.

आम्ही तिघं मुलं एका खोलीवर राहतो. त्यातल्या एकाच्या मोबाईलवर मी तो भाग पाहिला. एक मुलगी असते, शहरात नोकरी करणारी. वडिलांशी फारसं बोलत नाही. लहान असताना शाळेच्या गॅदरिंगला वडील येतो म्हणाले आणि आले नाहीत, हे तिच्या मनात बसलेलं. एका संध्याकाळी ती स्टँडवर चुकीच्या फलाटावरच्या जुन्या लाल एसटीत चढते आणि ती एसटी तिला वीस वर्षं मागे, गॅदरिंगच्याच दिवशी, गावात नेऊन सोडते. ती शाळेत जाते. स्टेजवर ती स्वतःच लहान, मोराचा पिसारा लावून नाचतेय आणि नाचता नाचता फाटकाकडे बघतेय. फाटकात कोणी नाही. मोठी झालेली मुलगी रागाने बापाला शोधायला बाहेर पडते, तर बाप शाळेच्या भिंतीमागे विटांच्या ढिगावर उभा. अंगावर कामावरचे चुन्याने भरलेले कपडे. भिंतीवरून डोकं काढून तो नाच बघतोय. तो तिला ओळखत नाही. परक्या बाईला सांगावं तसं सांगतो, "ती मधली माझी. आत गेलो असतो, पण हे कपडे बघून मैत्रिणी तिला हसतील." ढिगातल्या विटा हलत असतात, त्या मुलगी खाली वाकून दोन्ही हातांनी धरून ठेवते. बस, तिथे भाग संपतो.

मित्र म्हणाला, रडतोस काय, सीरियल आहे. मी रडत नव्हतो. मला ताई आठवत होती.

ताई माझी मोठी बहीण. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं आणि तिला दिलीय जामखेडच्या पुढे. लग्नानंतर ती एकदाही माहेरी आलेली नाही, कारण तिला न्यायला आबा गेले नाहीत. आबा म्हणजे आमचे वडील.

शहरातल्या मित्रांना मुराळी म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं होतं. लग्न झालेली मुलगी पंचमीला, दिवाळीला आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला जातं. तो मुराळी. तो येतो, सासरी जेवतो, व्याह्यांशी पावसापाण्याचं बोलतो आणि मुलीला घेऊन निघतो. मित्र म्हणाले, तिला एसटी कळत नाही का? कळते. ती माझ्यापेक्षा हुशार होती शाळेत. पण मुलीच्या पाठीशी माणसं आहेत हे त्या एका दिवशी सासरच्यांना दिसतं, आणि पहिल्या पंचमीला तर बापानेच जायचं असतं.

ताईच्या पहिल्या पंचमीला आबांनी टेम्पो पाठवला.

हे सांगताना मला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. आमच्याकडे दुभत्या गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ धार आबाच काढतात. मोठी गाय दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. जामखेडच्या पुढे जाऊन, जेवून, परत यायचं म्हणजे संध्याकाळची धार चुकते, आणि धार चुकवणं आबांच्या हिशेबात बसत नाही. त्या वर्षी वैरण संपत आली होती. जामखेडकडे ज्वारीचा कडबा चांगला मिळतो, म्हणून गावातला एक टेम्पोवाला तिकडे कडबा आणायला निघालाच होता. आबांनी त्याला सांगितलं, येताना पोरीलाही घेऊन ये, पुढं केबिनमध्ये बसव, नीट आण. आबांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट एसटीत उभं राहून येण्यापेक्षा दारातून दारात गाडी. स्वतःवर खूश होते ते त्या दिवशी.

तिकडे ताई नवी साडी नेसून, बॅग भरून सकाळपासून ओट्यावर बसली होती. दारात टेम्पो आला, मागे वरपर्यंत कडबा. ड्रायव्हरने उतरायचे कष्टही न घेता हॉर्न वाजवला. ताईची सासू काही वाईट बाई नाही, पण जावांना आयतंच सापडलं. एक जाऊ म्हणाली, "पुढं बसायचंय का कडब्यावर?" ताईने बॅग उचलून आत नेऊन ठेवली आणि टेम्पो परत पाठवला.

संध्याकाळी टेम्पो आमच्या दारात आला. केबिन रिकामी. आबांनी ड्रायव्हरला एकदा विचारलं, तो काय म्हणाला ते ऐकलं आणि पेंढ्या उतरवायला लागले. त्या दिवसापासून आबांचं म्हणणं, मी गाडी धाडली ती तिनं माघारी लावली. ताईचं म्हणणं, मुराळी आलाच नाही, आली ती वैरण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तेही तिने सासरी केलं. आई जाऊन राहिली. बारशाला आबा गेले नाहीत. मोठी गाय आजारी आहे असं आईने तिथे सांगितलं. गाय ठणठणीत होती. नातीला आबांनी अजून फोटोतच पाहिलं होतं. दार काय बंद हाय का, तिनं कवाबी यावं, असं ते म्हणायचे. आणि ताई म्हणायची, आबा आले की त्याच पायी निघेन.

मध्ये मी दोनदा मुराळी म्हणून गेलो. ताईने गोडधोड करून वाढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून दिलं. म्हणाली, भावड्या, तू ये, खा, राहा. पण मुराळी म्हणून येऊ नकोस, तुझ्यामागं लपत्यात ते.

त्यामुळे तो भाग पाहिला तेव्हा मला वाटलं, झालं. हे एवढं त्या दोघांनी बघितलं की काम झालं. मी साधा माणूस आहे, मला खरंच तसं वाटलं.

पहिल्या शनिवारी गावी गेलो. त्या भागाचं पुनःप्रक्षेपण दुपारी होतं, ते मी आधी बघून ठेवलं होतं. आबांना कसंबसं टीव्हीपुढे बसवलं. आईही येऊन बसली. मुलगी एसटीत चढली. आबा म्हणाले, ही गाडी कुठल्या डेपोची? मी म्हटलं, डेपोची नाही, ती मागच्या काळात चाललीय. ते म्हणाले, मग कंडक्टरनं तिकीट कुठलं फाडलं? आई हसायला लागली. मी म्हटलं, आबा, पुढे बघा. मुलगी शाळेत पोचली, स्टेज दिसलं, मोर दिसला, ती फाटकाकडे वळली आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती आणि आबा गोठ्यात होते.

संध्याकाळी मी मोबाईल घेऊन गोठ्यात गेलो. आबा धार काढत होते. त्यांच्या शेजारी उकिडवा बसून मी मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आमच्या गोठ्यात रेंज येते ती फक्त दाराच्या एका कोपऱ्यात. विटांचा ढीग येण्याआधी स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं. आबा धार न थांबवता बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिले.

"हे फिरतंय म्हंजी ती मागं चालली का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, नाही, रेंज नाही. ते म्हणाले, मग तिलाबी तिथं अडकून ठिवली का तुमच्या रेंजनं. मोठ्या गाईला माझा मोबाईल आवडला नाही. तिने पाय झाडला, आणि अर्धी बादली दूध माझ्या पँटवर. आबा बादलीकडे असे बघत राहिले की मी उठून गेलो.

ताईला तो भाग मी नगरला परतल्यावर पाठवला. खाली लिहिलं, एकटीने बघ. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी विचारलं, बघितलंस का. तर तिने लेकीचा फोटो पाठवला, चिखलात बसलेली. शेवटी मी फोन केला.

बघितलं म्हणाली. चांगलं होतं. रडले पण. मला बरं वाटलं. मी म्हटलं, मग? मागे तिची लेक काहीतरी आपटत होती.

"त्या पोरीचा बाप भित्तीमागं तरी उभा हुता," ती म्हणाली. "आपला कुठं हुता, सांग की. गोठ्यात."

मी म्हटलं, आबांनाही वाईट वाटतं, बोलून दाखवत नाहीत. ती म्हणाली, वाईट वाटतंय ते कुणाला दिसतंय, मला का माझ्या जावांना? आणि मग एकदम आवाज बदलून, जेवलास का, कपडे कोण धुतं, असलं विचारायला लागली. मी फोन ठेवला आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिलो. मित्र म्हणाला, तुझा तो भाग तू सरकारकडून गावोगावी दाखवायला घे. मी त्याच्याशीही त्या दिवशी बोललो नाही.

पंचमी जवळ आली होती. माझ्या मनाने घेतलं होतं की ही पंचमी गेली की संपलं. ताईची लेक आता बोलायला लागलीय. आणखी एक-दोन वर्षांनी ती आईला विचारेल, आपल्याला न्यायला कोण येत नाही का, आणि मग ताई कधीच येणार नाही. म्हणून पंचमीच्या आधीच्या रविवारी मी शेवटचा प्रयत्न केला. टीव्ही नको, मोबाईल नको. तोंडानेच सांगायचं ठरवलं.

आबा कुट्टीच्या मशीनवर वैरण घालत होते. मशीनचा आवाज थांबला की मी थोडं सांगायचो, सुरू झालं की गप्प. मला गोष्ट सांगता येत नाही हे त्या दिवशी मला पक्कं कळलं. मोर आधी सांगायचा का एसटी, यात घोळ झाला. भिंतीमागचा बाप मी दोनदा सांगितला आणि आबा माझ्याकडे न बघता पेंढीची गाठ सोडत राहिले. सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. गेलो असतो, चुकलं माझं, असं काहीतरी.

आबांनी विचारलं, "चूक कुनाची हुती?"

मी म्हटलं, म्हणजे?

"बाप आत गेला न्हाई. मंग चूक बापाची का पोरीची?"

बापाची, मी म्हटलं. पण आबा, तसं नाही ते, तो बाहेर उभा राहून बघत होता, तिला ते माहीत नव्हतं.

"आरं पर चूक बापाची व्हय ना? मंग मागं त्यानं जायचं. पोरीला कशाला एवढी हिंडवली?"

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

मला इतका राग आला. मी पुढच्याच गाडीने नगरला निघालो, आई डबा घेऊन मागे आली तरी थांबलो नाही. अख्ख्या गोष्टीतून या माणसाला काय दिसलं, तर मुलीला एसटीत उगाच बसवली. कॉलेजात प्रकाशाचा वेग, काळ, सापेक्षता यांवर आम्ही चार ओळी का होईना शिकतो. पण माझ्या घरी काळाच्या मागे जाणारी मुलगी दाखवली तर प्रश्न येतो तिकिटाचा. मला वाटलं, मी शिकलो हेच चुकलं. न शिकता घरी असतो तर अशी काही आशा तरी धरली नसती.

पंचमी आली आणि गेली. आमच्या आळीतल्या पोरी आल्या, झोके बांधले गेले, आईने पुरणाची दिंडं केली आणि चार दिंडं फ्रीजमध्ये तशीच ठेवून दिली. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. मी विचारलं, आबा काही बोलले? काय बोलणारेत, ती म्हणाली, मोठ्या गाईच्या पाठीवर हात फिरवत बसलेत. मी त्यानंतर घरी जाणं टाळलं. ताईलाही फोन केला नाही. तो भाग मोबाईलमधून काढून टाकला. आपण कोण लागून गेलो, असं वाटायला लागलं. मोठ्यांच्या भांडणात मालिका घेऊन घुसायचं कारण काय?

गणपती झाले. पितृपंधरवडा लागला. या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवं काही करत नाही; लग्न ठरवत नाहीत, गाडी घेत नाहीत, आणि मुलीला आणायला तर जातच नाहीत. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज रागातला.

"मोठीनं मला लाथ मारली," आई म्हणाली. "धार काढू दीना. निम्म्या गाई तशाच राह्यल्यात. डेअरीवाला इचारतोय, आज मालक कुठं?"

मी घाबरलो. म्हटलं, आबांना काय झालं?

"काय व्हयाचंय त्यान्ला. सकाळची धार काढली, धुतलेलं धोतर नेसले, म्हनले पोरीकडं जातो. मी म्हनलं पंधरवड्यात कुनी मुराळी जातं का, लोक हसतील. तर म्हनत्यात, हसू दी, चुकलं तवा बी हसलेच हुते."

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला, कारण गाई हंबरत होत्या. मी ताईला फोन लावला. बंद. तिच्या नवऱ्याला लावला, तो कारखान्यावर पाळीला गेला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. आबांकडे मोबाईल आहे, पण तो गोठ्यातल्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असतो, आणि तो तिथेच होता.

मग माझ्या लक्षात आलं, पारनेरहून जामखेडला जायचं तर नगरला गाडी बदलावी लागते. म्हणजे आबा दुपारी इथेच स्टँडवर होते. माझ्या खोलीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. आणि मी तेव्हा लायब्ररीत आरशांची आणि भिंगांची सूत्रं पाठ करत बसलो होतो. मला कळवलं असतं तर मी आलो असतो, बरोबर गेलो असतो. कदाचित म्हणूनच कळवलं नसेल. पण हे आत्ता लिहिताना सुचतंय; त्या संध्याकाळी फक्त चिडचिड झाली. तिकडे काय चाललं असेल हे काही केल्या कळत नव्हतं. ताईने दारातून परत पाठवलं असेल का? पंधरवडा आहे म्हणून सासूने थांबवलं असेल का? आबा कधीच कोणाकडे मुक्कामाला राहिलेले नाहीत. ते रात्री कुठे असतील?

सकाळी पुन्हा फोन लावले. ताईचा वाजला आणि कोणी उचलला नाही. प्रॅक्टिकलला मोबाईल बाहेर बॅगेत ठेवावा लागतो. आत मी भिंग लावलं, पडद्यावर मेणबत्तीची उलटी प्रतिमा पाडली, आकडे चुकले, पुन्हा घेतले. सरांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. व्हायवामध्ये येत असलेलंही सांगता आलं नाही.

बाहेर आलो तेव्हा बॅगेतल्या मोबाईलवर ताईचे बरेच फोन येऊन गेलेले होते. मी उलट लावला तर गाडीत असतात तसा आवाज आला आणि रेंज गेली. पुन्हा लावला. लागला नाही. स्टँडकडे पळत जावं म्हणून फाटकापर्यंत गेलो, तेवढ्यात तिचा मेसेज पडला. तो इथे आहे तसा देतो.

"भावड्या फोन उचल. आबांनी दारात उभं राहूनच सांगितलं, मुराळी आलोय, उशीर झाला. सासूबाई म्हणाल्या पंधरवडा आहे, तर म्हणाले मग मी घट बसेपर्यंत इथंच बसतो. रात्रभर ओट्यावर गाईंची काळजी करत होते म्हणून सासूबाईच म्हणाल्या, ने बाबा पोरीला. तुझी अर्धा तास वाट बघितली स्टँडवर. आता नगर सोडलं. ही खिडकीपाशी आबांच्या मांडीवर बसलीय. आबा म्हणतात आईला फोन करून सांग, मोठीला हात लावू नको, संध्याकाळच्या धारेच्या आत आम्ही पोचतोय."